एकतीस नियमांची वही

आपल्या राष्ट्रीय रग्बी लीग संघाचा इतिहास लिहून द्या, असं अध्यक्षांनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, इतिहास कसला, आमच्या भावोजींचा हट्ट म्हणा. अध्यक्ष हसले नाहीत. ते दातांचे डॉक्टर आहेत आणि स्वतःचे दात फारसे दाखवत नाहीत. म्हणाले, दोन पानं पुरेत, वरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाला पाठवायची आहेत. ती दोन पानं मी दिली. त्यात तारखा आहेत, गुण आहेत आणि अध्यक्षांचं नाव चार वेळा आहे. हे जे लिहितेय ते त्यात नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नगरपालिकेच्या रस्ते खात्यात आहेत. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणं हे त्यांचं काम, आणि एकोणतीस वर्षं ते अशा निष्ठेने करत आलेत की जणू पट्टा नसला तर रस्ता उठून निघून जाईल. त्यांच्यासोबत रस्त्याने चालत गप्पा मारायची सोय नाही. मध्येच थांबतात, वाकतात, आणि एखादा पट्टा दोन बोटं सरकलाय म्हणून कोणत्या तरी कधीच वारलेल्या मुकादमाला नावं ठेवतात. स्वतःची चूक मात्र त्यांनी कधी कबूल केल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नाही. एकदा बाजारामागच्या गल्लीत त्यांनी उजवीकडे वळायचा बाण मारला, तो थेट भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी एक टेम्पो बाणाप्रमाणे वळला. भावोजींचं म्हणणं, बाण बरोबर आहे, भिंत चुकीच्या जागी आहे. तीन वर्षांनी ती भिंत पडली आणि तिथून खरोखरच रस्ता निघाला. तेव्हापासून तर त्यांच्यापुढे शब्द काढायची सोय उरली नाही.

अशा माणसाकडे आठ वर्षांपूर्वी दातांचे डॉक्टर गेले. डॉक्टर कसल्याशा शिक्षणासाठी दोन महिने परदेशात होते. तिथे त्यांनी रग्बी लीगचा एक सामना पाहिला, तोही एका उंच माणसाच्या मागे उभं राहून. परत आल्यावर त्यांनी राष्ट्रीय संघटना काढली. लेटरहेड छापलं, शिक्का बनवला, अध्यक्ष झाले. संघ तेवढा राहिला होता. नदीकाठचं पालिकेचं मैदान मिळाल्यावर त्यांनी आखणीसाठी रस्ते खात्याकडे अर्ज केला. भावोजी चुन्याची गाडी आणि दोरी घेऊन गेले, डॉक्टरांच्या हातातला नकाशा बघितला आणि दोरी परत गुंडाळायला लागले.

“ही रेघ कशाची?” त्यांनी विचारलं.

“ट्रायची,” डॉक्टर म्हणाले.

“ओलांडायची की नाही ओलांडायची?”

“ओलांडायची. चेंडू घेऊन.”

“आणि ही?”

डॉक्टरांनी नकाशा उलटा धरून पाहिला.

“ज्या रेघेचा नियम मला माहीत नाही, ती मी मारत नाही,” भावोजी म्हणाले. “लोक येतात, रेघ बघतात आणि त्याप्रमाणे वागतात. उद्या कोणी आपटलं तर?”

डॉक्टरांनी येताना त्या खेळाची एक कॅसेट आणली होती. ती त्यांनी भावोजींच्या हातात ठेवली आणि म्हणाले, बघा, सगळं यात आहे. हे एक वाक्य ते बोलले नसते तर आमची पुढची आठ वर्षं निराळी गेली असती.

कॅसेट चालवायचं यंत्र भंगारवाल्याकडून आणलं. रविवारी दुपारी जेवणं झाली की भावोजी चटईवर मांडी घालून बसत, मांडीवर शंभर पानी वही, कानावर पेन्सिल. समालोचन परक्या भाषेत होतं, त्यामुळे आवाज बंद. ताई शेजारी बसून भाजी निवडायची. एकच सामना, ऐंशी मिनिटांचा, तो त्यांनी चाळीसेक वेळा तरी पाहिला असेल. एखादी गोष्ट दोनदा घडली की ते मान डोलवत आणि वहीत नियम म्हणून लिहून टाकत.

खेळ तसा समजायला कठीण नाही. एका बाजूला तेरा जण. चेंडू हातात घेऊन पळायचं, सोबत्याला द्यायचा तर मागच्या बाजूलाच द्यायचा. समोरच्याने धरून पाडलं की पडलेला उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि पुन्हा पळापळ. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा. रेघेपलीकडे टेकवला की ट्राय, चार गुण. एवढं भावोजींनी अगदी बरोबर टिपलं, आणि परक्या भाषेतलं एक अक्षर न वाचता टिपलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

घोडं अडलं ते पुढे. नियम कोणता आणि त्या दिवशी सहज घडून गेलेलं काय, हे एका सामन्यावरून कसं कळावं? त्या सामन्यात नऊ नंबरच्या खेळाडूचा डावा मोजा खाली घसरलेला होता, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. भावोजींनी लिहिलं, नऊ नंबराने डावा मोजा खाली ठेवावा. मैदानात कुत्रं शिरलं, दोनदा शिरलं, आणि दोन्ही वेळा खेळाडूंनी थांबून टाळ्या वाजवल्या. नियम एकोणीस. आणि प्रत्येक वेळी ज्याने समोरच्याला पाडलं, तोच हात पुढे करून त्याला उठवत होता. चाळीस-पन्नास वेळा तरी. हा नियम अकरा: पाडणाऱ्याने पडलेल्यास हात देऊन उभे करावे, त्याशिवाय खेळ पुढे जाऊ नये. खाली दोन रेघा मारल्या होत्या, त्यांच्या कामात दोन रेघांचा अर्थ कोणीही ओलांडू नये असा असतो.

एकूण एकतीस नियम झाले. माझं टायपिंगचं दुकान आहे, तिथे मी ते टाइप केले, तीस प्रती काढल्या आणि पिन मारून दिल्या, म्हणजे पापात माझाही वाटा आहे. डॉक्टरांनी मागवलेलं मंडळाचं खरं पुस्तक पुढे आलं. डॉक्टरांनी त्यातलं चेंडूच्या वजनाचं पान वाचलं आणि पेशंट आला म्हणून मिटून ठेवलं. भावोजींनी ते उघडलंच नाही. त्यांचं मत असं, की पुस्तक लिहिणाऱ्याने खेळ पाहिलेला असेलच असं नाही. रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या इंजिनियरांबद्दलही त्यांचं हेच मत आहे.

नियम माहीत असलेला माणूस देशात एकच, त्यामुळे प्रशिक्षक तेच झाले. पंचही तेच. खेळाडू त्यांनी रस्त्यावरच गोळा केले. सामान हलवणारा एक आडवातिडवा गडी होता, त्याला सगळे कपाट म्हणतात, तो कप्तान झाला. बेकरीवाला आला, लिफ्ट दुरुस्त करणारा आला, एक बस कंडक्टर, शाळेतले चित्रकलेचे सर, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. जमता जमता सव्वीस जण झाले, म्हणजे बरोबर दोन संघ, आणि सहा वर्षं ते आपापसातच खेळत राहिले. सगळे भावोजींना काका म्हणत. मंगळवारी आणि शनिवारी कामावरून सुटले की मैदानात धूळ उडायची, धाडकन कोणीतरी पडायचं आणि लगेच एक हात खाली यायचा. बेकरीवाल्याचं आणि कंडक्टरचं एका खोलीवरून भांडण चालू होतं, बोलणं बंद होतं, पण खेळताना दर दोन मिनिटांनी एकमेकांचा हात धरावा लागे. शेवटी कंटाळून दोघं बोलायला लागले.

मग दोन वर्षांपूर्वी वरच्या मंडळाचं पत्र आलं. शेजारच्या देशाचा संघ सामन्याला येईल, सोबत निरीक्षक असेल. खेळ नियमाला धरून झाला असं त्याला वाटलं तर आपण सदस्य. नाहीतर मंडळ आपला शिकलेला प्रशिक्षक पाठवेल आणि तो सगळं पहिल्यापासून शिकवेल. डॉक्टरांनी पत्राचा शेवट वाचला तेव्हा भावोजी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसले होते.

“मग मी काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याशिवाय आखणी कोण करणार?” डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं आपण धीर देतोय. भावोजी चहा तसाच ठेवून उठले. त्या माणसाला मी इतक्या वर्षांत चहा टाकून जाताना पाहिलं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी मी पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेला उभी होते. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून, वही हातात घेऊन. मैदानाच्या रेघा अशा काही मारल्या होत्या की पाहुण्यांचा पंच बोट लावून बघून गेला. पहिल्याच मिनिटाला कपाटाने त्यांच्या एकाला असा धरला आणि असा निजवला की लोकांच्या तोंडून आवाज फुटला. मग कपाट वाकला आणि त्याने हात पुढे केला.

पडलेल्याने आधी त्या हाताकडे बघितलं, मग कपाटाच्या तोंडाकडे. त्याला वाटलं यात काहीतरी डाव आहे. कपाटाने त्याचं मनगट धरून त्याला उचललाच. पंचाने शिट्टी फुंकली. पेनल्टी. पाडून झालं की बाजूला व्हायचं, पडलेल्याला त्याचा तो उठू द्यायचं, हा खरा नियम. उठवायला गेलात की तुम्ही त्याला अडवलंत, त्याचा वेळ खाल्लात.

पुढच्या वेळी बेकरीवाल्याने हात दिला, पेनल्टी. चित्रकलेच्या सरांनी दिला, पेनल्टी. पाहुण्यांचा एक खेळाडू हात धरून उठला, काहीतरी थँक्यूसारखं म्हणाला आणि आमच्याच अंगावरून पळत जाऊन ट्राय करून आला. नऊ नंबरचा लिफ्टवाला डावा मोजा खाली सोडून पळत होता, त्याला पंचाने तीनदा खुणेने मोजा वर घे म्हणून सांगितलं आणि त्याने तीनदा नम्रपणे नकार दिला. भावोजी कडेने ओरडत होते, “अरे, अजून लवकर हात द्या, उशीर होतोय म्हणून वाजवतोय तो!” मुलांनी अजून लवकर हात दिले. मध्यांतराला आम्ही चौतीस-शून्य मागे होतो. आमच्याविरुद्ध पेनल्ट्या सतरा.

निरीक्षक डॉक्टरांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. डॉक्टर आले तेव्हा त्यांचा चेहरा पेशंटसारखा झाला होता.

“नियम अकरा असा नाहीच आहे,” ते भावोजींना म्हणाले. “पुस्तकात उलट आहे.”

“कॅसेटमध्ये आहे.”

“मी त्यांना कॅसेटमधल्या सामन्याचंही सांगितलं. ते हसायलाच लागले. म्हणे तो निवृत्त खेळाडूंचा निरोपाचा सामना होता. सगळे चाळिशीच्या पुढचे. गुडघे गेलेले. हात दिल्याशिवाय त्यांच्यातला एकही उठला नसता.”

भावोजींनी वही उघडली, अकराव्या नियमाच्या पानाकडे बघितलं, मिटली. दहा मिनिटांचं मध्यांतर, त्यातली चार गेली होती. समोर तेरा जण गवतावर बसलेले, कोणाचा कोपर सोललेला, कोणाचं नाक कापसाने भरलेलं. मला वाटलं, आता हे म्हणणार की पंच चुकतोय. मनातून मला तसंच हवं होतं. ज्या माणसाने एका बाणासाठी आख्ख्या भिंतीला खोटं ठरवलं, त्याला मान खाली घालताना बघायची माझी तयारी नव्हती.

“ऐका,” भावोजी म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त वही पाठीमागे धरली होती. “नियम अकरा मी चुकीचा लिहिला. असा नियम नाही. तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं.”

सगळे बुटांकडे बघायला लागले. शेवटी कपाट म्हणाला, “काका, आम्हाला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“हेच. मोबाइलवर सगळे सामने दिसतात की. तीन-चार वर्षं झाली.”

“मोज्याचं पण?”

“मोज्याचं पण,” लिफ्टवाला म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

कपाटाने ओठावरचं रक्त पुसलं. “तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या,” तो म्हणाला.

मला एकदम रडू यायला लागलं आणि मी उगीचच रिकाम्या बाटल्या मोजल्या. मग पंचाने बोलावलं, तेव्हा भावोजी एवढंच म्हणाले, “आता नका देऊ हात.”

दुसऱ्या डावात त्यांनी दिले नाहीत. एवढं सोपं झालं ते. सहा वर्षांची सवय त्यांनी अंगावरचा सदरा काढावा तशी काढली, कारण खरं कसं खेळायचं ते सगळ्यांना पाठच होतं. पाडलं की बाजूला, पाडलं की बाजूला. पेनल्ट्या फक्त दोन. बेकरीवाल्याने पहिला ट्राय केला, मग कंडक्टरने दुसरा, एका ट्रायनंतरच्या किकचे दोन गुण मिळाले. अठ्ठेचाळीस-दहा असे हरलो. मैदानाबाहेरचे लोक मात्र जिंकल्यासारखे नाचत होते. भावोजी चुन्याची गाडी ढकलत एकटेच निघून गेले.

घरी ताईने ताट वाढलं. ते म्हणाले, “मुलांनी मला मूर्ख बनवलं. चार वर्षं.”

“अहो, मी तर पहिल्याच दिवशी म्हणणार होते,” ताई म्हणाली. “कुत्र्याचा कुठे नियम असतो का?”

“तू पण?”

“तुम्ही किती मन लावून लिहीत होतात,” ताई म्हणाली आणि आमटी वाढली. त्यानंतर भावोजी दोन आठवडे घरात कोणाशी मोजकंच बोलत होते, आणि मैदानावर तर फिरकलेच नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. आपण सदस्य झालो. निरीक्षकाने लिहिलं होतं की पहिल्या डावातला खेळ नियमात बसत नव्हता, पण दहा मिनिटांच्या मध्यांतरात अख्ख्या संघाची जुनी सवय मोडून दाखवणारा प्रशिक्षक आपण कारकिर्दीत दुसरा पाहिलेला नाही. अशा प्रशिक्षकाला बदलायचं कारण नाही. त्यांनी फक्त पुस्तक वाचावं.

डॉक्टरांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना टूथब्रश वाटले. भावोजी पत्र घेऊन माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, “राजीनामा टाइप कर.”

“अहो भावोजी, तुमचं कौतुक केलंय त्यात.”

“खोटं आहे ते. मी काय मोडलं? पोरांना आधीच येत होतं. ज्याने शिकवलं नाही त्याचं नाव खाली कशाला? लिही.”

मी टाइप करायला घेतलं, पण मुद्दाम सावकाश, आणि मध्ये मशीनमध्ये कागद अडकलाय असं सांगून कपाटाला निरोप धाडला. पाऊण तासात चौघं आले. कपाट, बेकरीवाला, लिफ्टवाला, चित्रकलेचे सर. दुकान माझं आठ बाय दहा. कपाट आत आल्यावर बाकीच्यांना दारातच उभं राहावं लागलं.

“काका, जायचं असेल तर जा,” कपाट म्हणाला. “पण मंगळवारी आम्ही येणार. पंच कोण?”

“मला नियम माहीत नाहीत,” भावोजी म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं त्यांचं त्यांना ठाऊक.

“आम्ही सांगतो की.”

भावोजींनी टेबलावरच्या राजीनाम्याकडे बघितलं. अर्धाच झाला होता. मग कानावरची पेन्सिल काढली आणि पिशवीतून वही. “सांगा तर. काय काय चुकलंय ते सगळं सांगा. माझी भीड ठेवू नका, मला पुन्हा तसलं काही चालायचं नाही.”

“पहिल्यापासून घेऊ,” कपाट म्हणाला. तो एकेक वाचत गेला आणि भावोजी खोडत गेले. एक, दोन बरोबर. तीन चूक. चार, पाच बरोबर. सहा चूक. आठ चूक. अकरावा भावोजींनी स्वतःच खोडला, पट्टी लावून. एकोणीस येताच लिफ्टवाला म्हणाला, कुत्र्याचा राहू द्या ना, कुणाचं काय जातंय. भावोजींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने लगेच माघार घेतली. एकतीसांतले चौदा गेले. राजीनाम्याचा कागद मी पाठकोरा म्हणून खाली सरकवला, त्याच्यावर त्यांनी उरलेले नियम नीट उतरवून दिले.

नव्या वहीत सतरा नियम आहेत. टाइप केल्यावर मी ते डॉक्टरांकडच्या पुस्तकाशी एकेक ताडून बघितले. सोळा जुळतात. जुन्या वहीतला सातवा पुस्तकात कुठेच नाही.

कॅसेटच्या सुरुवातीला एक म्हातारा दिसतो, बहुधा मैदान राखणारा. त्याचं काहीतरी हरवलं असावं. मान खाली घालून तो मैदानाच्या चारही कडांनी फिरून येतो, आणि तो दूर होईपर्यंत खेळाडू थांबलेले असतात. भावोजींनी लिहिलं होतं: सामन्यापूर्वी संघातील वडीलधाऱ्या माणसाने सर्व रेघांवरून एकट्याने चालून यावे, तोवर दोन्ही संघांनी जागेवर उभे राहावे. त्या दिवशी दुकानात कपाट सहावरून एकदम आठवर गेला. मी मान वर केली. बेकरीवाला छताच्या पंख्याकडे बघत होता. भावोजी खोडण्यात गुंतले होते.

गेल्या वर्षभरात आम्ही पाच देशांशी खेळलो, त्यातला एक सामना जिंकलो. भावोजी आता चष्मा लावून रोज रात्रीच्या जेवणाआधी पुस्तकाच्या दोन-चार ओळी शब्दकोश घेऊन वाचतात. सध्या बारावं पान चालू आहे, आणि त्यांचा वेग बघता सगळं वाचून व्हायला अजून तीन वर्षं लागतील. तोवर पाहुणे संघ पंचाला विचारतात, पंच डॉक्टरांना विचारतो, आणि डॉक्टर गंभीर चेहऱ्याने सांगतात की आमच्याकडे अशी पद्धत आहे. मग पाहुणेही उभे राहतात. भावोजी इस्त्रीच्या शर्टात एकटेच रेघेवरून निघतात. सात मिनिटं लागतात. मध्येच थांबतात, वाकतात, बोटाने चुना चाचपतात, पुढे जातात. लिफ्टवाल्याच्या पायाला एकदा मुंगी चावत होती, तरी तो हलला नाही.